हालवार बाटल्या भरतो

हालवार स्कार्वेला बिअर करता येत नाही असं म्हणणारा माणूस आमच्या वोसच्या दरीत शोधून सापडला नसता, आणि सापडलाच असता तर तो बर्गन शहरातला निघाला असता. तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथं रस्ता संपतो आणि मेंढ्या सुरू होतात, तिथं हालवारचं घर. घराचं नाव स्कार्वे, तेच घरातल्यांचं आडनाव. एका नाताळाच्या तोंडावर वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पाठीत उसण भरली आणि विशीतल्या हालवारच्या हातात ढवळायचं लाकूड आलं. आता तो स्वतः सत्तरीला टेकलाय, त्याच्याही पाठीत उसण भरते, पण ते लाकूड काही खाली ठेवलेलं नाही.

त्याच्या घरी थर्मामीटर नाही. तो कोपर बुडवतो. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड रस उकळून निवला की बाही वर सारायची, कोपर बुडवायचं, डोळे मिटायचे आणि वासराला पाजायच्या दुधाइतका कोमट लागला की यीस्ट सोडायचं. हे यीस्ट त्याच्या आजोबांच्या आजोबांपासूनचं. कापडावर वाळवून माळ्यावर टांगलेलं असतं. विरजण मागायला यावं तसे शेजारी ते मागायला येतात आणि हालवार देतो, पण देताना एवढे प्रश्न विचारतो की तेवढे त्यानं धाकट्या मुलीला मागणी घालायला आलेल्या पोरालाही विचारले नव्हते.

यीस्ट सोडताना आमच्याकडे ओरडायचं असतं. पोटातून, जोरात. जेवढी आरोळी मोठी तेवढी बिअर चढणारी. हालवार एरवी इतका कमी बोलतो की पोस्टमनला तो मुका वाटला होता, पण त्या एका क्षणी दरीच्या पलीकडची कुत्री भुंकायला लागतात.

मग तिसऱ्या दिवशी चव. याचं आमंत्रण कुणी कुणाला देत नाही. हालवारच्या चूलघराचा, म्हणजे बिअर शिजवायच्या खोपटाचा, धूर दिसला की माणसं मनातल्या मनात दिवस मोजतात आणि तिसऱ्या संध्याकाळी आपापला लाकडी वाडगा कोटाच्या खिशात घालून चढण चढतात. बिअर तेव्हा पुरती आंबलेली नसते. अजून गोड असते, अंगात थोडी खोडी आलेली असते, तेवढ्यातच ती पिंपात भरायची, निम्मी त्या संध्याकाळी संपवायची आणि उरलेली नाताळात. लाकडी पिंपाचं बूच जरा सैल असलं की आतला वायू आपला हळूहळू सुटतो. कुणाला काही त्रास नाही. एवढी वर्षं असंच चाललं होतं आणि असंच चाललं असतं, पण राग्नाचं खुब्याचं हाड मोडलं.

राग्ना ही हालवारची थोरली बहीण. लग्न करून बर्गनला गेली, तिथंच नवरा गेला, तरी नाताळाला ती न चुकता स्कार्वेला यायची. उन्हाळ्यात ती पडली आणि मग बर्गनच्या एका वृद्धाश्रमात तिची रवानगी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की या नाताळात प्रवास नाही. पुढच्या नाताळाबद्दल ते काही बोलले नाहीत आणि कुणी त्यांना विचारलंही नाही. राग्नानं फोन केला.

"मी येत नाहीये," ती म्हणाली.

"कळलं," हालवार म्हणाला.

"मी येत नाही म्हणजे बिअरनं यायचं नाही असं नाही. तिचं काही हाड मोडलेलं नाही."

"पिंप घेऊन येतो."

"इथल्या बाईंना विचारलं मी. पिंप चालणार नाही म्हणाल्या. बाटल्या चालतील."

राग्नाला वाटलं फोन कटला.

त्याचं कारण असं की हालवारच्या लेखी बाटलीत औषध असतं, फार तर जवसाचं तेल असतं. बिअर बाटलीत घालणं म्हणजे मेंढीला खोलीत कोंडणं. पण पिंप नेऊनही भागलं नसतं हे त्यालाही ठाऊक होतं. रेल्वेत हिंदकळलेलं पिंप आणि एकदा उघडलं की चार दिवसांत मरणारी बिअर, एकटी राग्ना पिऊन पिऊन किती पिणार? तिला नाताळच्या संध्याकाळी घरच्या बिअरचा एक पेला मिळायचा असेल तर बाटलीला पर्याय नव्हता. म्हणून सत्तरीच्या वयात, ज्याच्याकडे अख्खी दरी शिकायला यायची तो हालवार या एका कामात अगदी नवशिक्या झाला. आणि नवशिक्याहून वाईट, कारण नवशिक्याला आपल्याला काही येत नाही एवढं तरी माहीत असतं.

त्याची बायको गुरो हिनं बाटल्या जमवल्या. चिनी मातीचं बूच आणि तारेची कडी असलेल्या जुन्या जाडजूड बाटल्या माळ्यावर होत्या, काही चर्चच्या बाजारात मिळाल्या. त्या कमी पडल्या म्हणून हालवारनं सरबताच्या पातळ बाटल्याही ओळीत उभ्या केल्या.

"या पातळ आहेत," गुरो म्हणाली.

"काच ती काच."

"बरं," गुरो म्हणाली. ती 'बरं' म्हणाली की पुढं काय होतं हे एव्हाना हालवारला कळायला हवं होतं.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या आणि हालवारनं सरावाची म्हणून पहिली बिअर केली. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी गोड असतानाच काढली. भरताना शेजारचा ओडवार येऊन बसला. ओडवारनं आयुष्यात कधी बिअर केली नाही, त्यामुळे त्याच्या हातून ती कधी बिघडलेलीही नाही आणि या बाबतीत त्याचा शब्द कुणी खोडून काढू शकत नाही.

"बाटलीत साखर घालतात," ओडवार म्हणाला.

"गोड आहे की ही."

"गोडीसाठी नाही रे. फेसासाठी. माझ्या मेहुण्यानं सांगितलंय. प्रत्येक बाटलीत एक चमचा."

"चहाचा की जेवणाचा?"

ओडवारनं जरा विचार केला. "जेवणाचा," तो म्हणाला, कारण राग्नासाठी करायचं तर हात आखडता कशाला.

आता जरा लक्षात घ्या. बिअर आधीच अर्धवट गोड, त्यात आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेलं दांडगं यीस्ट, वर जेवणाचा चमचाभर साखर, आणि बूच तारेनं आवळलेलं. पिंप असतं तर त्यानं हळूच उसासा टाकला असता. बाटलीला उसासा टाकता येत नाही.

रविवारी वाफल आणि कॉफी चालू असताना तळघरातून पहिला आवाज आला. ओडवार म्हणाला, "शिकारी खाली उतरलेत वाटतं." दुसरा आला तेव्हा गुरोनं कप खाली ठेवला. तिसऱ्यानंतर ती उठली, हालवारची हिवाळ्यातली जाड घोंगडी आणली, नातवाचा बर्फात घसरताना घालायचा चष्मा आणला आणि दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवले.

"जा," ती म्हणाली. "काच ती काच."

खाली पातळ बाटल्यांतली एकही शिल्लक नव्हती. टांगलेल्या मेंढीच्या तंगड्यांमध्ये काचा घुसल्या होत्या, लिंगनबेरीच्या मुरंब्याच्या बरण्यांवरून बिअर ठिबकत होती. जाड बाटल्या टिकल्या होत्या, पण त्यातली एक हालवारनं अंगणात नेऊन, तोंड दुसरीकडे करून उघडली, तेव्हा आतली सगळी बिअर गोठ्याच्या छपरावर गेली आणि तळाशी फक्त गाळ राहिला. त्यानं तो गाळ चाखला. चव चांगली होती, याचा त्याला जास्त राग आला.

गुरोनं त्यानंतर वाद घातला नाही. ती सरळ गावातल्या वाचनालयात गेली आणि घरी बिअर कशी करावी, नवख्यांनी कोणत्या चुका टाळाव्यात यावरचं एक पुस्तक घेऊन आली. हालवारनं त्या पुस्तकाला हात लावला नाही. मग गुरोनं विणता विणता मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि ऐकू येणं काही माणसाच्या हातात नसतं.

"'बिअर पुरती आंबू द्या, मगच बाटलीत भरा,'" गुरोनं वाचलं. "'आतली साखर संपली नसेल तर बाटली फुटते.'"

"फुटल्यावर सगळ्यांनाच कळतं."

"'साखर बाटलीत चमच्यानं घालू नये. तोलून, पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये एकदमच मिसळावी.' ओडवारच्या मेहुण्याचं नाव काही दिसत नाही यात."

ऑक्टोबरात दुसरी बिअर झाली. या वेळी हालवारनं ठरवलं की पुरती आंबेपर्यंत थांबायचं. हे ठरवणं सोपं होतं, कारण ठरवताना तिसरा दिवस उजाडला नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी वाडगे खिशात घालून माणसं चढून आली. आलेल्या माणसाला काय सांगणार? झाकण उघडलं. एकानं वाडगा बुडवला, दुसऱ्यानं बुडवला, कुणाच्या मिशा बुडाल्या. माणसं गाणी म्हणून घरी गेली आणि तळाला उरलेल्या बिअरवर हालवारनं झाकण ठेवलं.

ते तरी तसंच ठेवायचं. पण एवढी वर्षं ज्या माणसानं तिसऱ्या दिवशी काम हातावेगळं केलं, त्याला चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी करायला काहीच नव्हतं. सकाळी गोठ्यात जाताना तो झाकण उचलायचा. येताना उचलायचा. जेवणानंतर आत नाक घालून वास घ्यायचा, बोट बुडवून चाखायचा, मान हलवायचा. गुरोनं खिडकीतून एकदा पाहिलं.

"ताप आलेलं पोर आहे का ते? सारखं उघडून बघतोस ते."

"झाली की नाही बघतोय."

"पुस्तकात लिहिलंय, झाकण उघडू नका, हवा लागली की बिअर नासते."

"पुस्तकानं माझी बिअर पाहिलेली नाही."

शेवटी भरायची वेळ आली तेव्हा त्यानं चहा गार करतात तशी उंचावरून धार धरत पळीनं बाटल्या भरल्या. भरपूर फेस आला, बघून बरं वाटलं. बाटल्या धुताना मात्र त्यानं तसूभर कसूर केली नाही असं तो अजूनही सांगतो. जुनिपरच्या काटेरी, वासाच्या झुडपाच्या फांद्या उकळलेलं पाणी त्यानं प्रत्येक बाटलीत फिरवलं, जसं पिंपात फिरवतात. पण पिंपात हात घालून घासता येतं. बाटलीच्या तळाशी कुणाच्या तरी आजीच्या सरबताचा पिवळा थर होता, तो तसाच राहिला. बुचांच्या रबरी चकत्या जुन्या, भेगाळलेल्या. त्याही तशाच राहिल्या.

नोव्हेंबरात पहिली बाटली उघडली. फुस्सदेखील झालं नाही. गुरोनं एक घोट घेतला, तो तोंडात धरून ती खिडकीपर्यंत गेली, खिडकी उघडली आणि बाहेर थुंकली.

"आंबट?" हालवारनं विचारलं.

"आंबट असती तर गिळली असती. ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतंय. आणि मग आंबट."

हालवारनं बाटल्या एकेक करून शेणाच्या खड्ड्यात ओतल्या. त्या संध्याकाळी राग्नाचा फोन आला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"बिअर कशी आहे?"

"होतेय."

"अजून होतेच आहे? आबांनी एवढ्या वेळात तीन नाताळ केले असते."

"आबांना बाटली भरायची नव्हती," हालवार म्हणाला. एवढं लांब वाक्य तो फोनवर सहसा बोलत नाही, त्यावरून राग्नाला काय समजायचं ते समजलं असावं, कारण पुढं ती आवाज जरा खाली आणून म्हणाली, "राहू दे मग. नाही जमलं तर नाही. इथं कॉफी देतात नाताळला."

हालवारनं फोन ठेवला. राग्नानं आजवर त्याला काहीही राहू दे म्हटलेलं नव्हतं. लहानपणी तो ओढ्यात पडला तेव्हासुद्धा ती आधी त्याला रागावली होती आणि मग तिनं त्याला बाहेर काढलं होतं. नाताळाला कॉफी पिणारी राग्ना त्याच्या डोळ्यांसमोर येईना. आली तेव्हा त्यानं गुरोला सांगितलं, "वाच."

"कुठून?"

"पहिल्यापासून."

गुरोनं पहिल्यापासून वाचलं. हालवारनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, फक्त 'घाई करू नका' हे वाक्य आलं की तो नाकातून श्वास सोडायचा, आणि ते वाक्य त्या पुस्तकात फारच वेळा होतं.

नोव्हेंबर सरत आला तेव्हा तिसरी बिअर शिजली. जुनिपरचं पाणी, माल्ट, कडवटपणासाठी हॉप्सची मूठभर फुलं, मग तासन्‌तास उकळणं, सगळं नेहमीसारखं. कोपर बुडवलं, यीस्ट सोडलं, आरोळी ठोकली. गुरो दारात पुस्तक घेऊन उभी होती.

"ओरडण्याबद्दल यात काही नाही," ती म्हणाली.

"मग पुस्तक अपुरं आहे."

झाकण लावलं, त्यावर ओलं कापड घातलं, आणि मग हालवारनं असं काही केलं जे स्कार्वेच्या चूलघरात आजवर झालेलं नव्हतं. त्यानं दाराला कुलूप लावलं. कुलूप गोठ्याचं होतं, कारण चूलघराला कडीच काय ती होती.

तिसऱ्या संध्याकाळी ओडवार आला. त्यानं कुलूप पाहिलं, मग हालवारकडे पाहिलं.

"धूर दिसला परवा," ओडवार म्हणाला.

"दिसला असेल."

"आज तिसरा दिवस."

"हो. पण आज काही नाही."

ओडवारनं टोपी काढली. "कोण गेलं?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"कुणी गेलं नाही. झाकण उघडायचं नाहीये. एवढंच."

आमच्याकडे यापेक्षा वाईट काही बोलता येतं असं मला वाटत नाही. ओडवार चूलघराच्या पायरीवर बसला. त्याच्यामागून आणखी माणसं चढून आली, तीही बसली. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळेल ही भीती. खिशातले वाडगे कोटावरून दिसत होते. गुरोला ते बघवेना, म्हणून तिनं कॉफी नेली, लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या मऊ पोळ्या, नेल्या, लोणी-साखर लावून दिल्या. माणसांनी ते मुकाट खाल्लं. एवढ्या अपमानावर लोणीसुद्धा नीट पसरत नव्हतं.

"बाटल्या भरायच्यात," शेवटी हालवार म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर दिसायला लागली होती. "दोनदा नासली. एकदा तुझ्या चमच्यानं, ओडवार, एकदा तुम्हा सगळ्यांच्या मिशांनी. राग्ना तिकडे बर्गनला पडून आहे, तिला उठता येत नाही, नाताळाला एक पेला मागितलाय तिनं. या खेपेला बिअर नासली तर तिला कॉफी देणारेत. कॉफी. आता बसायचं तर बसा, पण ते झाकण उघडणार नाही."

ओडवारनं लेफ्सेचा शेवटचा तुकडा गिळला.

"हे आधी सांगायचं," तो म्हणाला. "मला वाटलं तू चिडलायस."

"चिडलोच आहे मी."

माणसं उतरून गेली. ओडवार मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला आणि पायरीवर बसला. राग्ना तरुणपणी एकदा नाचात त्याच्याबरोबर नाचली होती, आणि त्या एका नाचाच्या जोरावर आपल्यावर काही जबाबदारी आहे असं त्याला वाटत होतं. त्यानं जबाबदारी अशी पार पाडली की येणाऱ्या प्रत्येकाला तो वाटेतूनच परतवू लागला. दुपारी हालवार किल्ली घेऊन आला.

"कुठं?" ओडवारनं विचारलं.

"माझ्या चूलघरात."

"कशाला?"

"झाली का बघतो."

"काल कुलूप कुणी लावलं?"

"मी."

"मग?"

"अरे, माझी बिअर आहे ती."

"राग्नाची आहे," ओडवार म्हणाला आणि पायरीवर जरा पसरून बसला. "गुरो, पुस्तकात काय लिहिलंय झाकणाबद्दल?"

"उघडू नका," गुरोनं स्वयंपाकघरातून सांगितलं. ते तिला पाठ झालं होतं.

असा हालवार आपल्याच बिअरपासून हद्दपार झाला. तो गोठ्यात जाऊन मेंढ्यांशी बोलू लागला, आणि मेंढ्या काही न बोलता चघळत राहायच्या एवढंच त्यांचं त्याला आवडत होतं. पण पुरते दिवस भरेपर्यंत झाकण खरंच कुणी उघडलं नाही, हेही तितकंच खरं.

मग गुरोनं शाळेच्या मास्तरांकडून ती काचेची तरंगती नळी आणली, जी साखर संपली की खोल बुडते. एका दिवशी मोजलं, दोन दिवस सोडून पुन्हा मोजलं. नळी तिथंच तरंगली, म्हणजे साखर संपली होती. तिसऱ्यांदा मोजू या असं हालवार म्हणाला, तेव्हा गुरो आणि ओडवार दोघांनीही नको म्हटलं. साखर गुरोच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, पाण्यात उकळली, निवल्यावर सगळ्या बिअरमध्ये एकदमच मिसळली. ओडवारचा हात दोनदा साखरेच्या डब्याकडे गेला आणि दोनदा गुरोनं डबा सरकवला. बाटल्या सगळ्या जाडच. गुरोनं लांब ब्रशनं तळापर्यंत घासल्या, उकळत्या पाण्यात बुडवल्या, नव्या रबरी चकत्या घातल्या. या वेळी पळी नाही. रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडायची आणि बिअर आवाज न करता वर चढू द्यायची, वर बोटभर जागा सोडायची. हालवारला हे सगळं इस्पितळात असल्यासारखं वाटत होतं, पण त्यानं हात नीट चालवले.

शेवटची बाटली प्लास्टिकची भरली, सोड्याची. ती हालवारच्या घरात आली याचंच त्याला वाईट वाटलं. पण पुस्तक म्हणत होतं, एक प्लास्टिकची भरा, ती दाबून बघता येते. घट्ट झाली की बाकीच्यांतही वायू भरला असं समजा. सगळ्या बाटल्या बैठकीच्या खोलीत चुलीच्या उबेला, घोंगडीखाली ठेवल्या, आणि ओडवार रोज येऊन ती प्लास्टिकची बाटली दाबू लागला.

"मऊ आहे अजून."

"सारखी दाबू नकोस."

"मी दाबतोय, उघडत नाहीये," ओडवार म्हणाला, आणि एक दिवस दाबता दाबता थांबला. "गुरोच्या टाचेसारखी झाली बघ."

गुरोनं त्याला हातातल्या सुईनं टोचलं, पण बाटल्या लगेच थंड तळघरात गेल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी हालवार रेल्वेनं बर्गनला गेला. बाटल्या लोकरीच्या मोज्यांत एकेक गुंडाळून पिशवीत ठेवल्या होत्या आणि पिशवी त्यानं वोसपासून शेवटच्या बोगद्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. समोरच्या बाईनं विचारलं, अंडी आहेत का. तो हो म्हणाला.

राग्ना खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. बारीक झाली होती, पण केस नीट विंचरलेले. शेजारच्या पलंगावर क्रोनबाई होत्या, अस्सल बर्गनच्या, ज्यांना वोसच्या माणसाशी बोलताना शब्द जरा सावकाश उच्चारायची सवय होती. हालवारनं बाटली काढली, तारेची कडी वर केली. बरोबर आवाज झाला. मऊ, थोडका, कुणीतरी दुसऱ्या खोलीत शिंकल्यासारखा. पेल्यात तांबूस बिअर उतरली आणि वर बोटभर फेस आला. हालवार राग्नाच्या पलंगाच्या कडेवर बसला.

राग्नानं एक घोट घेतला. मग दुसरा. बाहेर पाऊस पडत होता, बर्गनला दुसरं काय पडणार.

"कोरडी आहे," राग्ना म्हणाली.

हालवारनं डोळे मिटले.

"आपली गोड असते," ती म्हणाली. "अशी नसते. ही पुरती आंबलीय."

"पुरती आंबवलीच आहे," हालवार म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते एवढं होतं की क्रोनबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. त्यानं सगळं सांगितलं. चमचा सांगितला, छपरावर गेलेली बिअर सांगितली, पुठ्ठा सांगितला, तरंगती नळी सांगितली, प्लास्टिकची बाटली सांगितली, आपल्याच चूलघराच्या दारातून ओडवारनं आपल्याला परत पाठवलं हे सांगितलं. "गोड ठेवली तर फुटते," शेवटी तो म्हणाला. "बाटलीत गोड राहत नाही. समजलं?"

राग्ना ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा पेला रिकामा झाला. तिनं तो पुढं केला. हालवारनं भरला.

"ओडवार आला होता पायरीवर?" तिनं विचारलं.

"रोज."

"पाठ दुखली असेल मेल्याची," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"मी चाखू का जरा?" क्रोनबाई म्हणाल्या. हालवारनं त्यांना थोडी दिली. त्यांनी ओठ लावले, मान वाकडी करून विचार केला. "छान आहे की. अगदी आमच्याकडे दुकानात मिळते तशी."

राग्नानं खुर्ची क्रोनबाईंकडे वळवली.

"दुकानात?" ती म्हणाली. "क्रोनबाई, ही स्कार्वेची आहे. हे यीस्ट आमच्या घरात तुमच्या बर्गनमध्ये ते दुकान निघायच्या आधीपासून आहे. जुनिपर कळला का तुम्हाला त्यातला? नाही कळला. या आमच्या माणसानं तीनदा केली ही माझ्यासाठी. आणा तो पेला इकडे."

क्रोनबाईंनी मात्र पेला दिला नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि उरलेली बिअर संपवली, मग दिला.

राग्नानं उरलेल्या बाटल्या हालवारकडून आपल्या कपाटात, शालींच्या मागं, एकेक करून लावून घेतल्या. सगळ्या लागल्या की नाही हे तिनं खुर्ची पुढं ढकलून स्वतः पाहिलं. मग हालवारला टोपी घालताना बघून म्हणाली, "पुढच्या वेळी थोडी गोड ठेव."

"आत्ताच सांगितलं ना मी. फुटेल."

"फुटायच्या आधी घेऊन ये मग. रेल्वे कशाला आहे?"

"रेल्वेत फुटेल."

"घोंगडीत गुंडाळ. मांडीवर नको घेऊस. चव लागली पाहिजे मला तिसऱ्या दिवसाची, बाकी मला काही सांगू नकोस. मी काय पुन्हा पुन्हा मागणारे?"

हालवार टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला. बोलायला त्याच्याकडे बरंच होतं, काच होती, यीस्ट होतं, बोगदे होते, आणि हे सगळं त्यानं गेल्या चार महिन्यांत चांगलंच शिकून घेतलं होतं. राग्ना शालींच्या मागं हात घालून एक बाटली सरळ करत होती.

"ईस्टरच्या आधी आणू की नंतर?" त्यानं विचारलं.